अर्डिसशी मतभेद कायम ठेवून केलेली वाटणी

मी, लोरेना मार्गिट ट्वेट, वय एकोणऐंशी, हॅरल्ड ट्वेट यांची विधवा, पूर्वीचा धंदा ब्युटी पार्लर, राहणार ऑल्डर फॉल्स, राज्य विस्कॉन्सिन, स्वखुशीने आणि पूर्ण समजून-उमजून हे मृत्युपत्र करीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी धाकटी बहीण अर्डिस नायगार्ड हिला तो दाखला मान्य नाही. परंतु तिचा आक्षेप राजकीय स्वरूपाचा असल्याने वकिलांनी तो विचारात घेतलेला नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मला मूलबाळ नाही. अर्डिसचा मुलगा कर्टिस याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. तो आजवर एकदाही मतदानाला गेलेला नाही, आणि याबद्दल मी व त्याच्या आईने त्याला सारखंच झापलं आहे. तरीही आमच्या घराण्यात निःपक्षपाती म्हणावा असा तोच एक आहे.

२. पार्लरमधल्या माझ्या कात्र्या, मोठा आरसा आणि केस वाळवायच्या टोपवाल्या दोन खुर्च्या येसेनिया बारिएन्तोस हिला द्याव्यात. पार्लर आता तीच चालवते. त्या टोपाखाली बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते आणि खरं बोलते. नवऱ्यादेखत एक मत सांगणाऱ्या बायका तिथे दुसरंच मत सांगत. येसेनियाचे आईवडील मेक्सिकोहून इथल्या गाईंच्या गोठ्यांवर कामाला आले. बाहेरून आलेल्या लोकांचं काय करायचं, यावर हल्ली त्याच खुर्च्यांत बसून चर्चा चालते. मध्येच एखादी म्हणते, "तुझ्याबद्दल नाही गं बोलत आम्ही!" येसेनिया कात्री थांबवते आणि विचारते, "मग कोणाबद्दल, काकू?" काकू मासिकात डोकं घालतात. ती पुन्हा कापायला लागते.

३. माझं राहतं घर अर्डिसला द्यावं. ते का, हे नीट लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे लोक म्हणतील की लोरेना शेवटी नमली.

आम्ही दोघी लहानपणापासून भांडतो. तरुणपणी मी रिपब्लिकन होते. कर कमी असावेत, सरकारने आपल्या दारात येऊ नये, व्यापार जगभर मोकळा असावा, असं मी गिऱ्हाइकांचे केस कापताना ठासून सांगायची. अर्डिस इथल्या बुटांच्या कारखान्यात शिवणकामाला होती, कामगार संघटनेत होती, आणि डेमोक्रॅट तर इतकी की माझ्या अंगणातली निवडणुकीची पाटी दिसू नये म्हणून तिने आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाला सूर्यफुलं लावली.

मग कारखाना परदेशी गेला. माझ्या पार्लरमध्ये बायका यायच्या त्या नोकरीबरोबर आरोग्यविमाही गेलेल्या. एकीच्या मानेवर गाठ होती. मी केस वर उचलले तेव्हा मला दिसली. "डॉक्टरांना दाखव गं," म्हटलं, तर म्हणाली, "आधी नोकरी लागू दे." त्या दिवसापासून सरकारने निदान औषधपाण्याचं तरी बघावं, असं मला वाटू लागलं, आणि एकेक मत सुटत मी डेमोक्रॅटांकडे गेले. त्याच वेळी अर्डिस चिडली ती आपल्याच पक्षावर. "आमची मतं घेतली आणि आमचीच यंत्रं जहाजात चढवायला परवानगी दिली," म्हणाली, आणि मी सोडलेल्या रिपब्लिकनांकडे आली. कारखाना एकच बंद पडला. आम्ही दोघी मात्र दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडलो. आता परदेशी मालावर जकात बसवा असं ती म्हणते, आणि मी म्हणते की त्याने बूट महाग होतात. तिची पाटी दिसू नये म्हणून सूर्यफुलं आता कुंपणाच्या माझ्या बाजूने आहेत.

काही वर्षांपूर्वी गावाच्या अँब्युलन्सचा प्रश्न आला. ती चालवणारे सगळे बिनपगारी गावकरी. ते कमी पडू लागले, तेव्हा घरपट्टी वाढवून पगारी माणसं नेमावीत असा ठराव गावसभेपुढे आला. मी बाजूने बोलायला उठले. अर्धं भाषण झालं आणि अर्डिस मागून ओरडली, "अगं, हे माझं भाषण आहे! कारखान्याच्या दवाखान्यासाठी मी केलेलं! 'शेजारी हा विमा नसतो' हेसुद्धा माझंच!"

खरंच तिचंच होतं. मग ती उठली आणि म्हणाली, "आपल्या घामाचा पैसा खर्च करायला सरकारला माझ्याइतकी लाज वाटत नाही." मी जागेवरून ओरडले, "आणि हे माझं!" सभा इतकी हसली की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं. हात वर झाले तेव्हा ठराव पडला.

मी बहिणीशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्याच आठवड्यात ती अँब्युलन्स चालवायच्या प्रशिक्षणाला गेली. सत्तरीची बाई! कारखाना सुटल्यावर तिने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे बर्फात गाडी चालवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "हे काय नवीन?"

"कर नको म्हटलं मी. गाडी नको असं कुठे म्हटलं?"

"मग जन्मभर फुकट चालवणार?"

"शेजारधर्म म्हणतात याला. तुझ्या पक्षात नसेल."

दोन हिवाळे तिने गाडी चालवली. बाकीचे मात्र एकेक करून गळाले. कोणाची नोकरी लांबच्या शहरात, कोणाची पोरं लहान. मग जानेवारीत एका दुपारी एल्रॉय फिंक या शेतकऱ्याला अर्धांगाचा झटका आला. अर्डिस धावत गेली, गाडी चालू केली. पण मागे रोग्याजवळ बसायला प्रथमोपचार शिकलेलं माणूस हवं आणि ते कोणीच मिळेना. इंजिन सुरू, दिवे फिरतायत, आणि ती फोनमागून फोन करत तिथेच बसलेली. शेवटी शेजारच्या गावची गाडी गेली. एल्रॉय वाचला, उजवा हात गेला. आता तो डाव्या हाताने पत्ते पिसतो आणि पूर्वीपेक्षा जास्त लबाडी करतो. पण अर्डिस त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसली होती. मी कॉफी ओतली. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड काम तेच होतं.

पुढच्या एप्रिलच्या गावसभेत तोच ठराव पुन्हा आला. अर्डिस उठली. आमच्या देशात सध्या लोक काहीही कबूल करतात, पण एक गोष्ट चारचौघांत कोणी म्हणत नाही. ती तिने म्हटली.

"माझं मत बदललं आहे," ती म्हणाली. "माझा पक्ष बदललेला नाही, आणि लोरेना, तू दात काढू नकोस. कर मला आजही आवडत नाही. पण एल्रॉयसाठी मी गाडीत बसून होते आणि गाडी हलली नाही. एवढंच सांगायचं होतं."

ठराव पास झाला. पण आजवर तिच्याबरोबर उठबस करणाऱ्यांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं. "ही आता त्यांची झाली," म्हणू लागले. माझ्या बाजूचे त्याहून वाईट. ते तिला मिठ्या मारायला आले. त्यांना तिने जे सुनावलं ते कायदेशीर कागदावर लिहिता येत नाही.

आता घराकडे येते. अँब्युलन्सवर पगारी माणसं आली, पण पाळीत आडवं व्हायला त्यांच्याकडे गावाबाहेरचा एक गळका ट्रेलर आहे. म्हणून मी घर गावाला देणार होते. अर्डिसने वकिलांसमोर टेबलावर हात आपटला. "गावाच्या मालकीचं झालं की त्या घराची घरपट्टी बुडाली! मग गाडीचे पैसे कुठून येणार? मतं बदललीस तशी अक्कलही बदललीस का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून घर अर्डिसच्या नावे होईल, घरपट्टी ती भरेल, आणि खालच्या दोन खोल्या अँब्युलन्सवाल्यांना कायम मोकळ्या राहतील. याला सरकारी योजना म्हणावं की खाजगी दानधर्म, यावर आमचं एकमत झालेलं नाही. ते न झाल्याने या कलमाला बाधा येऊ नये.

४. बँकेतली शिल्लक अँब्युलन्सच्या निधीला द्यावी. त्यातून गाडीवर माझं नाव रंगवू नये.

५. अर्डिसचं मत बदलल्यावर चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायचं ज्याने सोडलं, त्या गॉर्डन स्टब्बी याला माझ्याकडून काहीही मिळू नये. हे लिहिल्यावर अर्डिस म्हणाली, "अगं, त्याची बायको गेली, पोरगं लांब, त्याच्यावर डूख धरू नकोस." तेव्हा दुरुस्ती करते: बर्फ सारायचं माझं यंत्र गॉर्डनला द्यावं. ते लवकर सुरू होत नाही, तेव्हा तो मला शिव्या घालेल. त्याला माझी हरकत नाही.

६. माझे अंत्यसंस्कार लुथरन पद्धतीने व्हावेत. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याचं भट्टीत भाजलेलं कॅसरोल आणि रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री असावी. 'ती सर्वांना सांभाळून घेणारी होती' असं पाद्रीबाईंनी म्हणू नये, गाव हसेल. अर्डिसला बोलायला वेळ द्यावा आणि तिला मध्येच तोडू नये. ते काम इतकी वर्षं मी केलं आहे, आता कोणी करू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं, मला मान्य आहे. आज इथे मतदान आहे. अर्डिस खाली गाडीत बसून हॉर्न वाजवते आहे, कारण मतदान केंद्रावर आम्ही नेहमी एकाच गाडीने जातो. ती तिचं मत देते, मी माझं देते, आणि दोन्ही मतं एकमेकांना खाऊन टाकतात. कर्टिस म्हणतो, मग दोघी घरीच का बसत नाही? मी एकदा अर्डिसला तसं सुचवून पाहिलं होतं.

"वा गं वा," ती म्हणाली, "म्हणजे मी घरी बसेन आणि तू मागच्या दाराने जाशील! चल, बूट घाल."

सही: लोरेना एम. ट्वेट

साक्षीदार, आम्हा दोघांदेखत सही झाली:
१. डेल्फिन क्रॉस, ग्रंथपाल, ऑल्डर फॉल्स
२. रसेल ओप्गार्ड, गोठेमालक, ऑल्डर फॉल्स

स्थळ: ऑल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन
दिनांक: ७ एप्रिल २०२६