आयला विहिरीवरून तुम्ही उठवलंत

पप्पा, आज चर्चमधली मिस्सा अर्धवट टाकून उठून आले. नवीन फादर प्रवचनात संत पौलावर आले आणि सुरू झाले, सत्ता देवानेच नेमलेली असते, तिला विरोध म्हणजे देवाला विरोध, वगैरे. चांगले आहेत हो फादर, त्यांचा काय दोष? पण मला त्यांचा आवाज ऐकूच येईना. तुमचाच येत होता. तेच घसा खाकरणं, तेच चष्मा कपाळावर सरकवणं. शेजारची बाई विचारतेय, "बरं नाही का गं?" म्हटलं, बरी आहे, फक्त डोकं फिरलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते तुमच्यावरच फिरतं.

क्रुसाजवळच्या विहिरीचंच बोलतेय, दुसरं कशाचं बोलणार? एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे ते एवढं एक गोडं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बेंडबाजा घेऊन तिथेच उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, भरायला जायच्या. तुमची आई, तुमच्या बहिणी, सगळ्या त्या पाण्याने न्हाऊन चर्चची पायरी चढल्या. मग जेसल पार्ककडे बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या, तसा आपल्याकडेही नवा रस्ता आखला गेला, आणि तो नेमका विहिरीवरून. दोन हात बाजूने नेला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? अर्ज झाले, साहेब लोक येऊन मान डोलावून गेले. शेवटी कळलं की सकाळी विहीर बुजवायला मशीन येणार. त्या संध्याकाळी क्रुसाजवळ सगळं गाव जमलं आणि ठरलं की बायकांनी कठड्यावर बसायचं, पुरुषांनी मागे उभं राहायचं, दगड नाही, शिवी नाही, रोझरी म्हणत बसायचं. एवढं साधं. आणि तुम्ही उभे राहिलात. नोकरी पोस्टात, पण रविवारी पोरांना धर्मशिक्षण द्यायचात म्हणून गाव तुम्हाला मास्तर म्हणायचं. त्या मास्तराने संत पौल उघडला आणि समजावून सांगितलं की सरकारी हुकमाच्या आड येणं हे पाप आहे. कोणी वाद घातला नाही. देवाशी कोण वाद घालणार? एकेक जण चप्पल पायात सरकवून घरी गेला.

स्वयंपाकघरात मी तुम्हाला धरलं होतं, आठवतंय? कॉलेजात होते, तोंड चालत होतं. मी म्हटलं, पप्पा, संत पेत्राला अधिकाऱ्यांनी दम दिला तेव्हा तो म्हणाला ना, की माणसांच्या आधी देवाचं ऐकायचं? तुम्हीच शिकवलंत. तुम्ही ताटावरून वरही न बघता म्हणालात, "पेत्राला धर्मासाठी अडवलं होतं. तुम्ही पाण्यासाठी भांडताय. धर्म आणि पाणी एक आहे का? चार पुस्तकं वाचून बापाला शिकवू नकोस." अहो, आता सुचतंय मला! बाप्तिस्मा कशाने करतात, पप्पा? हवेने?

सकाळी मशीन आली, पोलिसांची गाडी आली, आणि कठड्यावर आय एकटी. लुगड्याचा पदर खोचून, हातात रोझरीची माळ. बाकीच्या बायका दारांतून बघतायत. एक पोरसवदा हवालदार दोनदा जवळ आला, "मावशी, उठा ना, आम्हाला पण वरून ऑर्डर आहे," म्हणाला आणि लाजून मागे गेला. त्याने हात लावला नाही, पप्पा. तुम्ही लावलात. कामावर जायचा इस्त्रीचा शर्ट घालून आलात, तिच्या काखेत हात घातलेत आणि तिला उचललंत. रोझरी तुटली. नवऱ्यानेच उचलल्यावर गाव काय बोलणार? दुपारपर्यंत विहीर बुजली, आणि तुम्ही, कमाल आहे, कामावर गेलात.

पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा बेंडवाल्यांना घेऊन बायका गेल्या टँकरवर. हो, टँकरवर! त्या रस्त्यावरूनच यायचा तो. करवल्या घागरी घेऊन उभ्या, वाजंत्री वाजतेय, आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडतोय, "पानी भरना है कि नाचना है? जल्दी करो, आगे भी देना है." सगळे हसले, तुम्हीसुद्धा हसलात. मला त्या पाण्याने न्हाऊ घातलं तेव्हा त्याला गंजाचा वास येत होता. रागाने माझे दात वाजत होते आणि आत्याला वाटलं, नवरी थंडीने काकडतेय.

तर आज घरी येऊन मी हे सगळं पुन्हा आयसमोर ओकले. ती ओट्याशी कोलंबी सोलत होती. ऐकून घेतलं, आणि हात न थांबवता म्हणाली, "तुजा बाप भ्यालेला गं. मला उचलला तवा त्याचे हात कापत व्हते. कानात बोलला, ऊठ, पोलिसांनी तुला मारलीन तं मी काय करू? संत पौलाचा नाव पन न्हाय काढला." मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "त्याला गावात मास्तर बोलवायचे. भितरा कोन बोललं असतं तं मेला असता तो."

म्हणजे हे होतं! पप्पा, मग तेच बोलायचं होतं ना त्या संध्याकाळी. "माझी बायको पुढे बसणार आणि मला भीती वाटतेय," एवढंच. गावाला कळलं असतं, घाबरलेले तर सगळेच होते. भीती पोटात घेऊनही माणसं कठड्यावर बसली असती, कदाचित नसतीही. पण तो त्यांचा निर्णय असता. तुम्ही तुमची भीती उचलून देवाच्या तोंडी घातलीत. पोलिसांना घाबरणं काही पाप नाही हो, देवाला खोटा साक्षीदार करणं पाप आहे. सरकारने आपली विहीर नेली, आणि तुम्ही आपला देव त्यांच्या बाजूला नेऊन उभा केलात. मला विहिरीपेक्षा त्याची जास्त चीड आहे. गावातली कितीतरी माणसं त्यानंतर कशालाच उठली नाहीत.

राग उतरलेला नाही, उतरेल असंही वाटत नाही. हे पत्र कुठे टाकणार, फाडून चुलीत घालीन. पण तुमचे हात कापत होते असं आय म्हणाली ना, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुमच्याशेजारी येऊन बसावंसं वाटलं.