लीव्ह मफी

गुरुवार, संध्याकाळ. हूरा.

ताईच्या लग्नाला रजा मिळाली नाही. देशपांडेसाहेब पुण्याचे, आखातातल्या या ऑफिसात वर्षभर माझ्याशी गोड मराठीत बोलतात, पण नकार द्यायचा झाला की अरबी आठवते. "लीव्ह मफी," म्हणाले आणि हसले. मराठीत सरळ 'नाही' म्हणताना जीभ झिजते का?

घरी येऊन थेट माझी मुलांसाठीची कादंबरी उघडली. मंगळावरची शेवटची वस्ती, दारावर यंत्रमानव, त्याची मालकीण पंधरा वर्षांची रेवा. आज तिथे एक साहेब घुसवला. नाव देशपांडेच ठेवू का? ठेवतेच. बाहेर धुळीचं वादळ, टाकीतली हवा संपत आलेली, आणि हा दार ठोठावत मराठीत गयावया करतोय.

यंत्रमानवाला मराठी उत्तम समजते. पण रेवाने त्याला 'हवा मफी' म्हणायला शिकवलंय. आणि म्हणून झाल्यावर हसायला.