दुपारचा निवाडा

गोरेगाव,
जि. हिंगोली, ता. १७ एप्रिल २०२६, दुपार

चि. प्रतिक्षा हिला आबांचा आशीर्वाद.

सकाळपासून कानात एकच आवाज घुमतो आहे. आमच्या पत्र्याच्या शाळेत सगळा वर्ग माना डोलावत कविता म्हणायचा, तो. विजयकुमार नेहमी एक शब्द पुढे पळायचा, दिपक एक शब्द मागे राहायचा, आणि पहिल्या ओळीत बसून तू दोघांवर डोळे वटारायचीस. चाल कुणालाच धड जमत नव्हती, पण काय गोड गलका होता तो! आता तुम्ही तिघंही मोठी झालात, आणि गलका तेवढा माझ्या पदरात पडला.

तू खुशाल असशील. लेकरू चालायला लागलं, असं पुसेगावच्या जीपवाल्यानं सांगितलं. आरोही नाव ठेवलंत, हेही त्याच्याकडूनच कळलं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. झोप लागत नाही. उठतो, पाणी पितो, पुन्हा येऊन बसतो.

दिपकनं तुला सांगितलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. इथल्या हळदीच्या आवारात हमालांनी काम बंद केलं. मागणी एकच, उन्हाळ्यात बारा ते तीन पोत्याला हात लावणार नाही. व्यापारी म्हणतात, सकाळी लिलाव, दुपारी भरणी; संध्याकाळी गाड्या सुटल्या नाहीत तर पुढच्या वेळी इकडे येतो कोण? हमालांतर्फे दिपक, व्यापाऱ्यांतर्फे विजयकुमार. हिंगोलीच्या सरकारी कामगार अधिकारी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून पाहिलं, वेगवेगळं बसवून पाहिलं. गाडं हलेना. शेवटी त्या म्हणाल्या, "दोघांना चालेल असा एक लवाद नेमा. सरकारदरबारी त्याची नोंद होईल, आणि तो देईल तो निवाडा दोघांवर बंधनकारक राहील."

मग नावं निघाली. यांचा वकील त्यांना नको, त्यांचा पुढारी यांना नको. अखेर दोन्हीकडून एकच नाव आलं, माझं: सोनाजी गुरुजी.

मागून वसराम हमाल म्हणाला, "बरं झालं. आता गुरुजी दोघाला बी अंगठे धरून उभं करतील." सगळे हसले. मीही हसलो.

मॅडमनी मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि कागद पुढे गेला. त्याचं नंतर सांगतो.

निवाडा लिहायला बसलो तर पहिली ओळ वृत्तातच उतरली. चैत्राचा वणवा वगैरे. खोडली. सरकारी कागदात वणवा कसा चालेल? मग सरळ लिहिलं, आणि अख्खा निवाडा व्यापाऱ्यांच्या बाजूनं लिहिला. काहून, ते विचारू नकोस. बरं, विचार. गुरुजींनी घरचं माणूस सांभाळलं असं कुणी म्हणू नये, म्हणून. वाचून पाहिला तर त्यात आवार कुठेच नव्हतं, नुसता माझा ताठा होता. फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघांनाही घेऊन गोदामात गेलो. वर पत्रा, खाली हळदीचा धुरळा. पोत्यावर बसलो तर चष्म्याची काडी कानामागे चटका देऊ लागली. वसरामनं एक पोतं पाठीवर घेऊन दाखवलं. चार पावलं गेला आणि गुडघ्यावर बसला. उठायला गेला, उठवेना. विजयकुमारनंच पळत जाऊन पोतं बाजूला ओढलं.

दिपकनं पाणी आणलं. विजयकुमारच्या हातात तांब्या दिला. माझा तांब्या मात्र शेजारच्या पोत्यावर ठेवून मागे सरला. अंतर राखलं पोरानं.

मी निवाडा दिला तो असा. पाडव्यापासून मृगापर्यंत बारा ते तीन काम बंद. त्याबदल्यात हमालांनी उजाडताच यायचं, आणि उभ्या असलेल्या गाड्या भरल्याशिवाय संध्याकाळी आवार सोडायचं नाही. आज सकाळी मॅडमचा माणूस बंद पाकीट घेऊन गेला. उद्या दोघांसमोर वाचतील. तोवर कुठल्याही बाजूच्या माणसाला भेटायचं नाही, अशी मला ताकीद आहे. हे पत्रही उद्याच टाकीन.

आता तो प्रश्न. मॅडमनी विचारलं होतं, "दिपक राठोड तुमचे जावई ना?"

तू तांड्यावर लग्न करून गेलीस तेव्हापासून मी जे न बोलता दाखवत होतो, ते तोंडानं बोललो. "माझा त्यांच्याशी काही संबंध नाही."

व्यापाऱ्यांतून कुणी म्हणालं, "मग तर बराबर माणूस हाय." दिपक खाली पाहत म्हणाला, "आमची बी हरकत न्हाई."

पोरी, मला लवाद केलं ते माझ्या शहाणपणानं नव्हे, त्या वाक्यानं. पोत्यांबद्दल मी खरं लिहिलं. पण ज्या खुर्चीत बसून लिहिलं तिचा एक पाय खोटा आहे. आज तुझ्याकडे आलो तर हमालांचा निवाडा बुडेल. उद्याही आलो नाही तर ते वाक्य खरं होऊन बसेल. उद्या वाचन झालं की पहिल्या जीपनं निघतो. तू दार उघडशील का, एवढंच मनात घोळतंय. तुझी आई असती तर तिलाच पुढे

कडी वाजली. बघून येतो.

विजयकुमार आहे. मी दारातूनच म्हणालो, "उद्यापर्यंत भेटायचं नाही, माहीत आहे ना?"

"म्हणून तर आत येऊन न्हाई राहिलो. गुरुजी, प्रतिक्षा गल्लीच्या तोंडाला उभी होती, लेकरू कडेवर घेऊन. पुढं येईना, माघारी जाईना. दुरून लेकरू दाखवते अन् जाते म्हणती. गाडीत बसवून आणली."

"कळतंय का तू काय करतोयस?"

"कळतंय. मी कुनाला पाह्यलंच न्हाई, असं समजा. निकाल कसा बी लागू द्या."

मी म्हणालो, "पाहिलंस. नीट पाहा, आणि उद्या मॅडमसमोर सांग, गुरुजींची मुलगी गुरुजींच्या घरी आली. तूही आत चल. आम्ही काय बोलतो ते तुझ्यादेखत होऊ दे."

तो तुला आणायला वळलाय. पाकीट हिंगोलीला गेलं, त्यातला शब्द आता बदलायचा नाही. तरी हरल्यावर उद्या तो काय म्हणेल, देव जाणे. हमालांची दुपार मी माझ्या उंबऱ्यावर पणाला लावली की काय, हेही कळत नाही. गाडीचं दार उघडलं. तू आत आलीस की मला यातलं काही बोलता येणार नाही, म्हणून पत्र तुझ्या हातातच देतो.

सगळ्यांच्या देखत तुझा,
आबा