काचेवरचा थर

३ मार्च, मुरुड
आले एकदाची! एसटीने हाडं खिळखिळी केली, पण खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे सगळं माफ. सुकी मासळी ठेवायच्या खोलीची प्रयोगशाळा केलीय. चार काचेच्या टाक्या, त्यांत समुद्राचं पाणी. पाण्याचं तापमान आणि खारेपणा बदलला की त्यातले जिवाणू काचेला कितपत चिकटतात, हे मी पाहायचं. घरमालकीण वेणूबाई कोळीण. तिचा मुलगा निकेश टाक्यांचे पंप सांभाळतो. आल्या आल्या वेणूबाईने सुरमई खाऊ घातली.

६ मार्च
निकेशने विचारलं, काचेवर जमलेला हा बुळबुळीत थर निघतो कशाने? ठाऊक नव्हतं, तरी ऐटीत ठोकून दिलं: उकळतं पाणी ओता, लगेच सुटतो. वेणूबाई हसली. "न्हाय गो, त्याला तरास दिला का जास्तच धरतंय. होडीला पन तसंच. गप ऱ्हावं, मंग सुटतंय." आता ही मला विज्ञान शिकवणार!

११ मार्च
बाईचं खरं निघालं. गोडं पाणी घातलं, थर जाड झाला. तापवलं, तर खरवडताना पातंच मोडलं. निकेशला चूक सांगायला हवी, पण त्या दिवशीचा तोरा आठवून जीभ रेटत नाही. उद्या सांगेन.

१३ मार्च, सकाळ
टाकीत डावा हात घातला, तो थरात काचेलाच चिकटून बसला. ओढला की कातडी येते, हात येत नाही. घाबरले, तर थर कोपरापर्यंत चढला. दाराच्या फटीही त्याने भरल्यात, दार जाम आहे. फोन लांब टेबलावर. हाताशी फक्त ही वही. वेणूबाई अलिबागला गेलीय.

दुपार
गप बसलेय. आई आठवली, रडू आलं — थराने लगेच आवळलं. पुन्हा गप. करंगळी सुटली! फक्त घाबरायचं नाही. संध्याकाळपर्यंत अशीच राहिले तर —

चार वाजता
तीन बोटं मोकळी. बाहेर निकेश आलाय, दार ढकलतोय. फटींतला थर पाहून म्हणतो, घाबरू नका मॅडम, तुमी सांगितलेलं ध्यानात हाय.

स्टोव्ह पेटवला त्याने.

"नको" ओरडले — एकदाच — थर ओठांवर चढला. आता आवाज —

पाणी उकळतंय. ऐकू येतंय. शांत. शांत राहायचं —

दाराखालचा थर वाफेने फुगतोय. निकेश, मी ठोकून दिलं होतं रे, पाणी ओतू नको, ओतलंस तर ते मला