जहरा रोडच्या हॉटेलातला गिझर

शनि. ६ जाने. ९६
अर्दियाच्या साइटचं काम संपलं, कॅम्प रिकामा केला. गावी परतायचं तिकीट निघेपर्यंत कं.ने मला नि दाऊदभाईला जहरा रोडवरच्या हॉटेलात टाकलंय. हॉटेल म्हणायचं इतकंच. खोली नं. ७, अकरा बाय नऊ, टेपने मोजली. खाली टायरवाला, समोर रात्रंदिवस ट्रक. दाऊदभाई दापोलीकडचा सुतार, लढाईनंतरची चार वर्षं आम्ही एकाच कॅम्पात काढलेली. खाटेवर लवंडून म्हणाला, "नाना, टेप ठेव आता. खोली काय विकत घ्यायचीय तुला?"
तिकीट बुध. १७ चं.

सोम. ८
थंडी कडक, गिझर बंद. मलबारी मॅनेजर मिस्त्री बोलवायचं टाळतोय. वायरमन मी, मीच उघडून पाहिला. अर्थची वायर नुसती लोंबकळत. हे कुणा शिकलेल्या माणसाचं काम. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही, पण असली घाण हातून कधी झाली नाही.

मंगळ. ९
गिझर चालू. १ तास ४० मि. एलिमेंट घासून तोच बसवला, थर्मोस्टॅट नवा, अर्थची वायर नळाच्या पाइपला क्लिप मारून घट्ट. गावाकडे असंच करतो, पाइप जमिनीतच जातो. झाडूवाला रफीक, बांगलादेशी, पन्नाशीचा, सारखा हात जोडत होता. दाऊदभाई म्हणे, आता नारळ फोड गिझरला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्र. १२
जुम्म्याला जायचं म्हणून दाऊदभाई साडेदहाला अंघोळीला गेला. अकराला दार फोडलं. हात नळाला चिकटलेला. मेन स्विच मीच पाडला. इस्पितळात नेईपर्यंत
पुढे लिहवत नाही.

शनि. १३
पोलिसांनी रफीकला नेलं. झाडूवाल्याने वायरीत हात घातला, असं मॅनेजरने लिहून दिलं. मला जिन्यात गाठलं. "आपका नाम नहीं लिया. बोलोगे तो पासपोर्ट पे रोक लगेगा, कितना साल, मालूम नहीं." मी होय म्हणून मान हलवली. कशाला हलवली?

रवि. १४
बाथरूमला पोलिसांचं सील नाही, बाहेरून नुसती कडी. मेन बंद करून पाइपमागचा गिलावा खरवडला. बाहेर लोखंड दिसतं, भिंतीत चार इंचांवर प्लास्टिक. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. जमिनीशी संबंधच नाही. एलिमेंटला केसाएवढी चीर, घासताना गेली असेल, तीन दिवसांत पाणी आत शिरलं. म्हणजे करंट गिझरच्या पत्र्यात, नि पत्र्यातून माझ्या वायरने सरळ नळात. गिझरच्या नळ्या रबरी, वायर लोंबत राहिली असती तर नळात काही आलं नसतं.
फेज नि पाइप यांच्यात दिवा लावून बघायचा. पेटला नाही तर पाइपला अर्थिंग नाही. दोन मिनिटांचं काम. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय.

सोम. १५
दाऊदभाईच्या गावी फोन. बातमी कं.ने कळवली होती. कागद झाले की मयत पाठवतील, एवढं सांगितलं. भाबी रडली नाही. म्हणाली, "नळात करंट आला कसा? तुम्ही होतात ना तिथं?"
होतो, म्हणालो.
"ते लिहायचे पत्रात. नाना आहे तोवर वायरीची फिकीर नाही."
मीच फोन ठेवला. लाइन कटली असं तिला वाटलं असेल.

मंगळ. १६
रफीकचा मेहुणा आला होता, हवल्लीत लॉन्ड्रीत असतो. कबूल कर, लवकर सुटशील, असा निरोप मॅनेजरने आत धाडलाय. रफीक उद्या सही करणार. त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही ठाऊक नाही. मेहुण्याने मला विचारलं, काम कुणी केलं होतं. मी म्हणालो, हॉटेलात पुष्कळ लोक येतात-जातात. तो शुक्रिया म्हणून गेला.
सौ.ला कळवलंय, १८ ला पोचतो.

बुध. १७
मॅनेजरने कं.कडून आलेलं तिकीट आणून दिलं. पासपोर्टही. एअरपोर्टची गाडी पाचला. रफीकला चारला सहीसाठी बोलावणार.
आत्ता पावणेदोन. चौकीपर्यंत चालत बावीस मिनिटं. काल जाऊन पाहिलं. फाटकापर्यंत.