क्लेटसदादाचे बूट

क्लेटसदादा,

हे तुला पाठवणार नाहीये. आपल्या घरात बुटांचा एकच जोड. तो घालून तू शाळेत गेलास, मी शाळा सोडून कापूस वेचला. लई जळायचे तुझ्यावर.

मतदार म्हणून नाव लावायला गेलास, तेव्हा गोऱ्या कारकुनानं तुला राज्यघटना वाचायला लावली. तू घडाघडा वाचलीस, अर्थही सांगितलास.

"चूक," तो हसला. "तुम्हा काळ्यांना कुठला कळतोय अर्थ!"

दारात उभी मी मनात म्हटलं, बरी जिरली!

रांगेत तुझ्यामागे उभ्या, अक्षरही न येणाऱ्या गोऱ्या पर्डीनं सहीच्या जागी नुसती फुली मारली. त्याचं नाव लागलं.

तू पायरीवर बसून बूट काढलेस. "ओडे, आता तू जा शाळेत." आणि उत्तरेत, जिथं काळ्यांनाही मत देता येतं, त्या शिकागोला निघून गेलास.

दादा, बूट मला अगदी बरोबर बसतात. पण पायात घातले की ते 'जिरली' आठवतं. मग काढून ठेवते, शाळेऐवजी अनवाणीच कापसात जाते.

तुझी,
ओडेसा