वेळेच्या शब्दांची पेटी आणि आमच्या वन्सं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणऐंशी, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र कोणीही हात न धरता, चष्मा लावून आणि चहा झाल्यावर लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "गुरुवार. आणि वार म्हणजे पाळी. दिवसावर एकेका ग्रहाची पाळी येते, म्हणून वार. आज गुरूची." त्यांनी पुढे काही न विचारता शिक्का मारला.

याच डॉक्टरांनी मागे माझ्या लेकीला बाजूला घेऊन 'फार तर वर्षभर' असं सांगितलं होतं. मला ऐकू उत्तम येतं. तरी मी घटका मोजते आहे असं कोणी म्हणू नये. घटका मोजायला तळाला भोक असलेलं भांडं पाण्यात सोडून बसावं लागतं. ते भरून बुडालं की एक घटका झाली. घटका भरली म्हणतात ते त्यावरूनच. आमच्याकडे तसलं भांडं नाही आणि मला तेवढी सवडही नाही.

कलम एक. दोन खोल्यांचं घर गॅलरीसकट लेकीला. बँकेत जे असेल तेही तिचंच. 'पाच मिनिटांत आले' म्हणून तिने जन्मभर मला जे ताटकळत ठेवलं, ते या कलमाने माफ.

कलम दोन. छापखान्याच्या मालकांनी एकतीस वर्षं 'आत्ताच्या आत्ता' म्हणून माझ्या टेबलावर पानं आपटली, आणि रजेचा अर्ज दिला की 'बघू पुढच्या महिन्यात'. त्यांना माझं गजराचं घड्याळ द्यावं. ते पहाटे साडेचारला ठणाणा करतं आणि बंद करायची कळ तुटलेली आहे. कळ कोणी दुरुस्त करू नये.

कलम तीन. माझ्या निधनाची बातमी छापायची झाल्यास तिचं प्रूफ दोनदा वाचावं. 'दुःखद'मधला विसर्ग गाळलेला दिसला तर मी उठून बसेन.

कलम चार. आता खरं काम. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वेळेविषयीच्या शब्दांची अकराशे सेहेचाळीस कार्डं आहेत. ती मी एकटीने जमवलेली नाहीत. माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, घड्याळं दुरुस्त करतात. घड्याळ बिघडलेला माणूस दुकानात आला की वेळेविषयी काहीतरी बोलतोच. वन्सं डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच तो शब्द पावतीच्या पाठीवर टिपायच्या, संध्याकाळी मी त्याचं मूळ शोधून कार्ड करायची. नियम एकच होता. दोघींची सही झाल्याशिवाय कार्ड पेटीत जायचं नाही. दुपार म्हणजे दोन प्रहर, निमिष म्हणजे पापणीची एक उघडझाप, यांवर हां हां म्हणता सह्या झाल्या. 'तास'वर मी तीन महिने अडून बसले. वन्सं म्हणायच्या, वाजवायच्या धातूच्या थाळीला तास म्हणत, त्यावरून वेळेला नाव पडलं. बरोबर त्याच होत्या. हे आज प्रथमच कबूल करते आहे, तेही त्या समोर नसताना.

मग आला 'आठवडा'. दिवस सात आणि नावात आठ का? मी म्हटलं, लोक पहिला आणि शेवटचा, दोन्ही वार धरून मोजतात. वन्सं म्हणाल्या, "छे! भिंतीवरच्या घड्याळाला आठ दिवसांनी चावी द्यावी लागते, त्यावरून!" मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, हसत सुटले. म्हटलं, "अहो वन्सं, घड्याळं यायच्या आधी लोक काय आठवड्याविना राहत होते?" गिऱ्हाइकंही हसली. वन्संनी पेन खिशात घातलं ते घातलंच. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्यानंतरची त्रेसष्ट कार्डं एका सहीवर पलंगावरच पडून आहेत, आणि मी त्यांच्या शेजारी झोपते.

माझं म्हणणं बरोबर होतं. माझं हसणं चूक होतं. मला त्यांची फार आठवण येते. सबब, पेटी आणि सुटी कार्डं वन्संना द्यावीत.

कलम पाच. माझ्या साड्यांबाबत

इथे दारावरची बेल वाजली. वकील शेजारी बसले आहेत. त्यांचा सल्ला असा की घडलं ते लिहू नये. मी लिहिते आहे. लेकीने सकाळीच कलम चार वन्संना फोनवर वाचून दाखवलं होतं, आणि त्या भरदुपारी दुकान बंद करून आल्या होत्या. चपला न काढता त्यांनी ते पुन्हा उभ्याने वाचलं.

"मेल्यावर देणार आहेस होय पेटी?"

"मग कधी देऊ? तुम्ही येतच नव्हता."

"तू बोलावलंस कधी?" मग वकिलांकडे वळून, "साक्षीदाराची सही कुठे करायची?"

वकील गडबडले. "तुम्ही नाही करायची, ताई. ज्याला काही मिळायचंय त्यानेच साक्ष दिली, तर त्याचा वाटा बाद होतो."

"पूर्ण बाद?"

"पूर्ण."

"झकास!" म्हणाल्या आणि खिशातून पेन काढलं. "वहिनी, तू गेल्यावर त्या पेटीशी मी भांडू की काय? ती काय उलट बोलणार आहे? त्रेसष्ट कार्डं काढ बाहेर. आणि आठवड्याबद्दल माझं मत तेच आहे, सांगून ठेवते."

मी रडले, मग इतकी हसले की ठसका लागला. डॉक्टर दुसरे साक्षीदार म्हणून आले होते, त्यांनी पाणी दिलं.

सबब कलम चार बाद झालं आहे. पेटी आत्ता स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी आहे आणि सात कार्डांवर सह्या झाल्या आहेत. उरलेलं मृत्युपत्र कायम. साड्यांचं लेकीने बघावं.

सही: मी, अक्षर हललेलं, हात हसण्याने हलत असल्यामुळे

साक्षीदार एक: नणंद, घड्याळदुरुस्ती
साक्षीदार दोन: डॉक्टर, पाण्याचा पेला हातात असताना

ठिकाण: स्वयंपाकघर
दिनांक: नऊ, गुरुवार
वेळ: माझ्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं, वन्संच्या घड्याळात दोन वाजून नऊ. वन्संची वेळ ग्राह्य धरावी.